जांभळ्या कोटाची बटणं

३ डिसेंबर, मंगळवार

पोरी,

हे पत्र वाचायचं नसेल तर नवऱ्याला वाचायला लाव. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, त्याला लागेल.

आज तो गाळ्यावर आला होता. लटकवलेल्या कपड्यांच्या मध्येच उभा राहिला, डोक्यावर कुणाची तरी चड्डी लोंबतेय ह्याचंही भान नाही. मी म्हटलं, "जावईबापू, आत या, नाहीतर गिऱ्हाईक तुमचाच भाव विचारेल." हसला नाही. म्हणाला, "आई, तिला तो कोट हवाय."

"कुठला कोट?"

"जांभळा. आपल्या छोटीचा. तिनं परवा दवाखान्याच्या रांगेत एका मुलीच्या अंगात बघितला."

आता ऐक. तू बघितलास तो दुसरा कोट. असे कोट कारखान्यातून ढिगानं निघतात. एकाच रंगाचे, एकाच मापाचे. माझ्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात एका वेळी तीन-तीन येतात. आठ महिने झाले नातीला जाऊन, तुला रस्त्यावरची प्रत्येक सहा वर्षांची पोर तिच्यासारखी दिसत असणार. कोटही दिसणार.

मे महिन्यात ती पिशवी माझ्या हातात देताना काय बोललीस ते माझ्या लक्षात आहे. "जाळून टाक सगळं." मी म्हटलं, चांगलं कापड आहे, जाळायचं कशाला. तेवढंच म्हटलं. त्यावर तू म्हणालीस, "तुला अजूनही कापडच दिसतं," आणि दार लावून घेतलंस. माझी बोटं चौकटीत होती, ती मी वेळेवर काढली. तेव्हापासून तू बोलत नाहीस, मी येत नाही.

तर, मी जाळलं. तू सांगितलंस तसं. मागच्या अंगणात, पत्र्याच्या डब्यात. आता त्यातलं काही नाही.

नवऱ्याला जेवायला घाल. त्याच्या शर्टाची कॉलर मानेपासून दोन बोटं लांब राहते.

तुझी आई


८ डिसेंबर, रविवार

पोरी,

आज गाळा बंद, म्हणून तुझा नवरा घरी आला. पायरीवरच उभा राहून निरोप दिला. पाठ केल्यासारखा. "ती म्हणाली, बटणं तुमच्या हातची होती."

मी चहा टाकायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाही. चहा केलाच नाही.

बरोबर आहे तुझं. फुलीचा टाका, बटणाखाली दोऱ्याची मान, मानेला तीन वेढे आणि गाठ आतल्या बाजूनं. ह्या अख्ख्या बाजारात असं बटण दुसरं कुणी लावत नाही, सगळे दोन उभे टाके मारून मोकळे होतात. आणि तू तर माझ्याच बटणांत वाढलीस.

जाळला नाही मी. काहीच जाळलं नाही. डब्यात चिंध्या घातल्या, काडी पेटवली, आणि चिंध्याच जाळल्या. शेजारणीला धूर दिसावा म्हणून. ती तुझ्याकडे येते जाते, सांगेल की म्हातारीनं जाळलं. बघ, खोटं बोलायचं तरी किती खटाटोप.

तुझं तू म्हणशील, पैशासाठी. पैशासाठी नाही असं म्हणणार नाही, मी विकणारी बाई आहे. पण माझ्या हाताला सवय नाही. पस्तीस वर्षं ह्या हातानं फाटलेलं जोडलं, डाग काढले, उसवलेलं शिवलं. धड कपड्याला काडी लावायला तो हात पुढं जाईना. पिशवी खाटेखाली ठेवली. पावसाळ्यात दमट वास यायला लागला तेव्हा काढली, धुतली, वाळवली. मग एकेक करून गाळ्यावर लावली. कोट थंडी पडल्यावर.

आता बटणांचं. पोराचा कोणताही कपडा आला की मी पहिल्यांदा त्याची बटणं काढते आणि दुसरी लावते. मोठ्यांच्या कपड्यांना नाही करत, फक्त पोरांच्या. शेजारच्या गाळ्यावरचा चष्मेवाला म्हणतो, "आजी, तुम्ही चोरीची गाडी रंगवल्यासारखं करता." त्याला काय सांगू.

तुला सांगते, कारण तुला माहीत असून तू कधी बोलली नाहीस. तू नऊ वर्षांची होतीस. मी तुला तो चौकटीचा फ्रॉक घातला, शाळेत पाठवलं. मधल्या सुट्टीत एका पोरीनं सगळ्यांसमोर म्हटलं, "हा माझा फ्रॉक आहे, हे बघ, हे बटण माझ्या भावानं चावलंय." तू घरी आलीस ती वहीनं छाती झाकून. रडली नाहीस. फ्रॉक काढून घडी घालून माझ्या शिवणाच्या टोपलीत ठेवलास आणि परकर-पोलक्यावर बसून अभ्यास केलास. तिथून पुढं मी पोरांच्या कपड्यांची बटणं बदलते, म्हणजे कुणाच्या पोराला कुणी ओळखू नये. तुझ्यासाठी सुरू केलं, आणि त्याच बटणांवरून तू मला पकडलंस.

तेव्हाच तू ठरवलं असशील, आपल्या पोरीच्या अंगाला उतरलेला कपडा लागू द्यायचा नाही. तसंच केलंस. तिला मोजेसुद्धा दुकानातले. मी एकदा म्हटलं होतं की पोरांना जुनंच बरं, धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, नवं खाजतं. तू म्हणालीस, "खाजू दे, पण तिचं असू दे." मला राग आला होता. तुझं बरोबर असेल, माझंही चूक नव्हतं.

कोट कुणी नेला ते मला माहीत आहे. खानावळीत भांडी घासते ती बाई, तिच्या पोरीसाठी. जाऊन मागते. परत घेऊन देते.

तुझी आई


१४ डिसेंबर, शनिवार

पोरी,

गेले होते. कोट आणला नाही. आता शिव्या देण्याआधी शेवटपर्यंत वाच.

खानावळीच्या मागच्या बाजूला मोरी आहे, तिथं ती असते. कोपरापर्यंत फेस, पायात रबरी चपला, समोर पातेल्यांचा डोंगर. मी एक नवा कोट घेऊन गेले होते, बदल्यात द्यायला. हो, नवा. दुकानातून. आयुष्यात पहिल्यांदा दुकानाच्या काचेच्या दारातून आत गेले. तिथली पोरगी विचारते, "आजी, माप?" मी म्हटलं, "माप माझ्या डोळ्यात आहे, तू काढ." बाहेर पडले तेव्हा ओझं झाल्यासारखं वाटत होतं, आणि कोट तर हलका होता.

मी तिला म्हटलं, "बाई, तुझ्या पोरीला नेलेला तो जांभळा कोट मला परत दे. हा घे, कोरा आहे."

तिनं हात पुसले. नवा कोट घेतलाच नाही हातात. म्हणाली, "मावशी, तुम्ही आणि कपडा परत मागता? काय झालंय त्या कोटाला?"

मी नवा कोट पुन्हा पुढं केला. मग तिनंच विचारलं, "ज्या पोरीचा होता तिची आई आली का?"

आता हे तुला सांगायलाच हवं. पोरांचे कपडे घेताना बाया एक प्रश्न विचारतात. सगळ्या विचारतात. कुणी तोंडानं, कुणी नुसतं कापड उलटंपालटं करून. पोर गेलंय का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. मी सगळ्यांना एकच उत्तर देते, मूल वाढलं, कपडा राहिला. बहुतेक वेळा ते खरंच असतं. नसलं तरी मी तेच म्हणते, कारण थंडीला ते विचारायला वेळ नसतो. हा कोट नेताना ह्या बाईनं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, मूल वाढलं. तोंड वाकडं न करता म्हटलं. गिऱ्हाईक गेल्यावर चष्मेवाल्याकडं एक डबा पाणी मागितलं आणि दुपारभर गाळा उघडा टाकून मागं बसले. तेवढंच.

तर मोरीत उभं राहून मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, माझीच नात होती. मला वाटलं कोट अंगावर फेकेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?"

"वाढलेल्या पोराच्या कोटाची कोपरं जातात, मावशी. बाह्यांच्या कडा काळ्या पडतात. खिसा फाटतो. ह्याचं काहीच झालं नव्हतं. एकच थंडी घातलेला कोट, आणि तो पण जपून. मी भांडी घासते, आंधळी नाही."

"मग घेतलास कशाला?"

"गार वाजत होतं तिला," ती म्हणाली, आणि पुन्हा पातेल्याला हात घातला.

पस्तीस वर्षं मला वाटत आलं की मी बायांना फसवते. त्याच मला फसवू देत होत्या.

मग ती म्हणाली, "कोट देईन. तुम्हाला नाही देणार. आईला देईन, हातात. तिला येऊ दे रविवारी. मी दुपारी खोलीवर असते." पत्ता तुझ्या नवऱ्याजवळ देते. मी येणार नाही, घाबरू नकोस. मी त्या बाजूला फिरकणारसुद्धा नाही.

एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे तिथं जाऊन दचकणार नाहीस. त्या पोरीची उंची वाढते आहे. आईनं बाह्यांची शिवण सोडून कोट लांब केलाय. शिवणीची जुनी रेघ दिसते.

तुझी आई


२३ डिसेंबर, सोमवार

पोरी,

गेलीस ते कळलं. भांडीवाली आज सकाळी गाळ्यावर आली, पोरगी बरोबर होती, आणि पोरगीच्या अंगात कोट होता. मला वाटलं तू गेलीच नाहीस. ती म्हणाली, गेली होती, तासभर बसली.

तिनं जसं सांगितलं तसं लिहिते, खोटं असेल तर तू दुरुस्त कर. पोरीनं आपणहून कोट काढून तुझ्या मांडीवर ठेवला. तू बटणं बघितली नाहीस, बाह्यांकडं बघितलं नाहीस. कॉलर उलटी केलीस आणि नाकाला लावलीस. मग काखेचा भाग. मग आतलं अस्तर. भांडीवाली म्हणते, "मावशी, तुमची मुलगी कोट न्यायला आली नव्हती. ती नाकानं कुणाला तरी शोधत होती." मग तू कोट पोरीला घातलास, म्हणालीस, "हा तुझाच आहे," आणि निघालीस. चहाही घेतला नाहीस.

त्यावर तुझा नवरा संध्याकाळी आला. आजचा निरोप पाठ केलेला नव्हता. तुला विचारायचं होतं म्हणे, मी कोट कशानं धुतला.

उकळला. सगळंच उकळलं. माझ्याकडं आलेला प्रत्येक कपडा मोठ्या पातेल्यात, सोडा घालून, काठीनं ढवळत. लोक म्हणतात ना, जुना कपडा म्हणजे कुणाचा घाम, कुणाचा रोग. माझ्या गाळ्यावर तसं कुणी म्हणू शकत नाही. ते पातेलं म्हणजे माझी अब्रू. जूनमध्ये पिशवी काढली तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही. फ्रॉक, झोपायचे कपडे, कोट, ती गुलाबी टोपी, सगळं एकदम आत. वाफ आली तेव्हा एकदम तिच्या डोक्याचा वास आला. घामेजलेल्या केसांचा. क्षणभर. मग सोड्याचा. काठी माझ्याच हातात होती.

लोकरीचा कोट उकळत नाहीत हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी कळत नव्हतं. आटला तो थोडा, म्हणूनच भांडीवालीला बाह्या सोडाव्या लागल्या, पोरगी काही एवढी वाढलेली नाही. हेही तुला खोटंच लिहिलं होतं मागच्या पत्रात.

तुझ्या नवऱ्यानं जाता जाता विचारलं, "आई, तुमच्याकडं तिचं न धुतलेलं काहीच नाही का?"

नाही. तू पिशवीत दिलंस तेवढंच होतं.

तुझी आई


२ जानेवारी, गुरुवार

पोरी,

ह्या पत्राबरोबर एक पुडकं आहे. आधी पत्र वाच. पुडकं तुझ्या नवऱ्याला सांगून कपाटात वर ठेवायला लाव, तुझा हात पोचणार नाही असं. वाचून झाल्यावर ठरव.

मागच्या पत्रातली शेवटची ओळ अर्धी खरी होती. पिशवीत दिलंस तेवढंच होतं, हे खरं. पण पिशवीत न दिलेलं एक माझ्याकडं होतं, कारण ते तुला माहीतच नव्हतं.

रविवारी तुम्ही दोघं तिला माझ्याकडं सोडून जायचात. अंगात इस्त्रीचा फ्रॉक, पायात पांढरे मोजे. "मातीत खेळायचं नाही, आईनं सांगितलंय," असं ती मलाच बजावायची आणि अंगणाच्या कडेला उभी राहायची, दुसऱ्यांच्या पोरांकडं बघत. दोन रविवार मी बघितलं. तिसऱ्या रविवारी गाळ्यावरून एक फ्रॉक आणला. राखाडी, दोन खिशांचा, इतका धुतलेला की फडक्यासारखा मऊ. दोनदा उकळला होता मी तो, तिला घालायच्या आधी. पहिल्यांदा घातला तेव्हा तिनं खिशात हात घातले आणि म्हणाली, "आजी, हा टोचत नाही."

मग दर रविवारी आली की पहिल्यांदा फ्रॉक बदलायचा. तुझा फ्रॉक खुंटीला, राखाडी अंगात. संध्याकाळी हातपाय धुवायचे, पुन्हा तुझा फ्रॉक. घरी सांगायचं नाही असं मी म्हटलं होतं. तिनं पाळलं. सहा वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं, आणि ती माझ्यापेक्षा बरं बोलली.

एकदा तिनं विचारलं, "हा आधी कुणाचा होता?" मी म्हटलं, होती एक, वाढली. ती म्हणाली, "मग मी वाढले की हा कुणाला द्यायचा ते मी ठरवणार. गाळ्यावर नाही लावायचा." मी म्हटलं, "बरं बाईसाहेब."

शेवटच्या रविवारी तिनं तो घातला होता. दिवसभर खेळली. सोमवारी तिला ताप चढला, शुक्रवारी ती नव्हती.

आता कळलं का मी आठ महिने काय लपवलं. कोट नाही, बटणं नाहीत. हे. तू ऐकलंस तर म्हणशील, माझ्या पोरीला तुझ्या त्या उतरलेल्या कपड्यांतून काहीतरी लागलं. तू म्हणण्याआधी मीच म्हटलंय, रोज. ऑगस्टमध्ये मी त्या डॉक्टरीणबाईंकडं गेले, ज्यांनी तिला तपासलं होतं. गुडघा दुखतो असं सांगून आत शिरले आणि विचारलं, असला ताप कपड्यातून येतो का. त्या म्हणाल्या, "आजी, तसं असतं तर तुमच्या गाळ्यावरची निम्मी गिऱ्हाईकं इथं रांगेत असती. नाही येत." मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं नीट बघितलं, आणि गुडघ्याचं औषध लिहून दिलं.

त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव. मी दिवसा ठेवते.

ती गेली त्या संध्याकाळी घरी आले तर फ्रॉक खुंटीला होता, तिनं अडकवला तसा, एक खांदा घसरलेला. मी पातेल्याकडं बघितलं. पातेलं पालथंच राहू दिलं. फ्रॉक एका जाड पिशवीत घातला, तोंड दोऱ्यानं बांधलं, त्यावर दुसरी पिशवी, आणि पेटीत ठेवला. तुझ्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी त्या पेटीवरच बसले होते. दिला नाही कारण एक तर भीती. दुसरं, तो माझ्यापाशी एकटाच होता. तुझ्याकडं तिचे फोटो आहेत, वह्या आहेत, दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा आहेत. मला वाटलं, एवढं एक माझं. तू दवाखान्याच्या रांगेत अनोळखी पोरीच्या मागं गेलीस हे ऐकलं तरी मला तसंच वाटत होतं. मग भांडीवालीनं कॉलरचं सांगितलं. त्यानंतर दहा दिवस लागले, एवढे लागायला नको होते.

तो जुना आहे. तू बघितलेला नाहीस. तुझ्या पोरीच्या अंगात तुला कधीच नको होतं असं कापड आहे. फेकावंसं वाटलं तर भांडीवालीकडं दे, ती काय ते करेल. मला परत पाठवू नकोस, मी पुन्हा पेटीत ठेवीन आणि पुन्हा खोटं बोलेन.

ठेवणार असशील तर, उघडायच्या आधी खिडक्या लाव. स्वयंपाक चालू असताना उघडू नकोस. वास गळ्यापाशी नाही, तिथं माझ्याच हाताचा आहे. उजव्या खिशाच्या वरच्या बाजूला आहे, ती पळताना कुशीला हात दाबून धरायची, तिथं. एकदम नाक खुपसू नकोस, अंतरावर धर, मग येतो. उघडलं की थोडा कमी होतो. मी पाच वेळा उघडलं, तेवढं कमी झालंय, त्याला इलाज नाही.

आणि धुऊ नकोस. डाग दिसतील, मातीचे आहेत, असू देत.

तुझी आई